गोळीवर नाव कोणाचं?

औषधाच्या स्ट्रिपवर काय छापायचं, हे आपल्याकडे कायद्याने ठरलेलं आहे. १९४५च्या औषध नियमांतला ९६वा नियम औषधाचं नाव, प्रमाण, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असं सगळं मागतो. २०१३मध्ये आलेल्या ‘एच-१’ परिशिष्टाने क्षयाच्या, झोपेच्या आणि काही बड्या अँटिबायोटिक गोळ्यांवर लाल चौकटीतली सूचना आणली. या औषधांच्या विक्रीची वेगळी वही केमिस्टला तीन वर्षं जपून ठेवावी लागते. नोव्हेंबर २०२२च्या अधिसूचनेने मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला आणि १ ऑगस्ट २०२३पासून तो लागू झाला. म्हणजे कारखान्यातून निघालेल्या गोळीचा माग मेडिकलच्या काउंटरपर्यंत नीट लागतो. काउंटरच्या पुढे मात्र कायदा थांबतो.

गोळी घरी गेली तर त्याने फारसं अडत नाही. आईच्या गोळ्या आईच्या उशाशी असतात, आणि त्या कोणाच्या हे विचारावं लागत नाही. पण तीच गोळी चाळीस माणसांच्या वृद्धाश्रमात गेली, की तिच्यावरच्या छपाईत जे नाही त्याचीच गरज सर्वांत आधी पडते. ही गोळी कोणाची? एकाच बीपीच्या औषधावर तिथे दहा-बारा जण असतात, कोणी २० मिलिग्रॅमवर, कोणी ४०वर, कोणी ८०वर. स्ट्रिपा दिसायला सारख्या असतात. त्यांच्यावर माणसाचं नाव कोणी लिहायचं, कशाने लिहायचं, कुठल्या कपाटात ठेवायच्या आणि त्याची किल्ली कोणाकडे असावी, हे प्रश्न कोणीच कोणाला बंधनकारकपणे विचारलेले नाहीत. वृद्धाश्रम, अंथरुणाला खिळलेल्यांसाठीची शुश्रूषा केंद्रं, डिमेन्शियाच्या रुग्णांची निवासी घरं अशा सगळ्या ठिकाणांचा हा प्रश्न आहे. औषध घेणारा एक आणि ते हातावर ठेवणारा दुसरा, ही या सगळ्या ठिकाणांतली समान गोष्ट.

दुसऱ्याच्या हातून औषध दिलं जातं तिथे किती चुका होतात, याचं सर्वांत काटेकोर उत्तर इंग्लंडमधून आलं. २००९ साली तिथल्या ५५ केअर होममधल्या २५६ रहिवाशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला सरासरी आठ औषधं चालू होती. त्या २५६ पैकी १७८ जणांच्या, म्हणजे जवळजवळ ७० टक्के लोकांच्या बाबतीत किमान एक चूक सापडली. ती कधी डॉक्टरने लिहिताना झालेली होती, कधी फार्मासिस्टने देताना, कधी सिस्टरने हातावर ठेवताना, तर कधी तपासण्या न केल्यामुळे. त्यातल्या बहुतेक चुकांनी मोठी इजा झाली नाही. तरी ही घरं नोंदणी झालेली, तपासणीखालची, छापील औषधपत्रकं ठेवणारी होती, हे विसरता येत नाही. आपल्याकडे अशा मोजणीची सुरुवात करायची तर आधी पत्रक तरी हवं.

अमेरिकेने हा प्रश्न कायद्याच्या बाजूने सोडवला. तिथल्या नर्सिंग होममधल्या दुरवस्थेच्या चर्चेनंतर १९८७मध्ये सुधारणा कायदा झाला. त्यातून आलेले नियम शब्दशः कपाटापर्यंत जातात. औषधं कुलपाच्या कप्प्यात आणि योग्य तापमानात असावीत. किल्ल्या फक्त अधिकृत कर्मचाऱ्यांकडे असाव्यात. अफूवर्गीय आणि तत्सम कडक नियंत्रणाखालची औषधं वेगळ्या कुलपाच्या आणि जागचा हलवता येणार नाही अशा कप्प्यात ठेवावीत. लेबलावर सावधगिरीच्या सूचना आणि मुदत असावी. चुकांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली असावं. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की प्रत्येक रहिवाशाची सगळी औषधं फार्मासिस्टने महिन्यातून किमान एकदा नजरेखालून घालावीत. तपासनीस येतात तेव्हा नुसतं रजिस्टर बघत नाहीत. सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरते तेव्हा तिच्याबरोबर चालत हे सगळं पाहतात. ट्रॉली उघडी सोडून सिस्टर आत गेली, किंवा इन्सुलिनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख नसली, तर तो दोष म्हणून नोंदला जातो.

आपल्याकडे कायद्याचं चित्र विखुरलेलं आहे. २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा राज्यांना प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्ध राहतील असा वृद्धाश्रम काढायला सांगतो आणि त्याच्या व्यवस्थापनाची योजना आखायला सांगतो. खासगी आणि ट्रस्टच्या आश्रमांत औषध कसं ठेवायचं, याचा त्यात पत्ता नाही. दुसरीकडे १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. त्याच्या व्याख्येत आजार आणि इजेबरोबर दुर्बलताही येते, पण व्यवहारात तो प्रसूतिगृहं आणि लहान रुग्णालयांचा कायदा म्हणूनच वापरला जातो. ज्येष्ठ नागरिक निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, आणि सतराव्या लोकसभेबरोबर ते संपलं. त्यामुळे एखादा आश्रम औषधांचं काम उत्तम करत असेल तर ते तिथल्या एखाद्या जबाबदार सिस्टरचं किंवा विश्वस्ताचं श्रेय असतं. ती सिस्टर सोडून गेली की व्यवस्थाही तिच्याबरोबर जाते.

आता प्रत्यक्ष कपाटाकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. महिन्याच्या सुरुवातीला मुलगा किंवा सून पिशवी घेऊन येते. मुलं परदेशी असतील तर ऑनलाइन मागवलेला खोका येतो. पिशवीत पूर्ण स्ट्रिपा असतात, अर्ध्या असतात, कात्रीने कापलेल्या चार गोळ्या असतात. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुतेक वेळा स्ट्रिपच्या एकाच टोकाला ठसवलेली असते. ते टोक मेडिकलमध्ये राहिलं किंवा पहिल्या गोळीबरोबर गेलं, की उरलेल्या चार गोळ्या निनावी होतात. सरकारी दवाखान्यातून आलेल्या गोळ्या तर कागदी पाकिटात सुट्या असतात आणि त्यावर पेनाने ‘१-०-१’ लिहिलेलं असतं. पाकीट ओलं झालं की तेही पुसलं जातं. एवढ्या सामानातून आश्रमातली मावशी रोज तीन वेळा गोळ्या काढून स्टीलच्या वाट्यांमध्ये किंवा बाटल्यांच्या झाकणांमध्ये मांडते, ताटाच्या बाजूला ठेवते, आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारतं. वाटी या खुर्चीपुढून त्या खुर्चीपुढे सरकायला एवढं पुरतं.

या मावशीला दोष देणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. तिला नाव वाचता येतं, पण इंग्रजी ब्रँडनावांत एका अक्षराचा फरक असतो. मार्च २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या मलेरियाच्या दोन औषधांच्या नावांचा वाद होता. साधी व्यापारी नावं सारखी असणं आणि औषधांची नावं सारखी असणं यात फरक आहे, औषधाच्या बाबतीत गोंधळाची शक्यता अधिक कडकपणे तपासली पाहिजे, हे न्यायालयाने त्या निकालात सांगितलं. आपल्या देशात भाषा अनेक, निरक्षरता मोठी आणि इंग्रजी जाणणारे थोडे, हेही त्यात विचारात घेतलं होतं. आश्रमातल्या मावशीची अडचण याहून वेगळी नाही.

दुसरी अडचण एकाच औषधाच्या दोन नावांची. हृदयाचे डॉक्टर एक ब्रँड लिहितात, गुडघ्यासाठी दाखल झालेल्या रुग्णालयातून डिस्चार्जच्या कागदावर तेच औषध दुसऱ्या ब्रँडने येतं. स्ट्रिपा वेगळ्या रंगाच्या असतात, म्हणून दोन्ही चालू राहतात. बीपी खाली जातं, पहाटे बाथरूमला जाताना माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि सगळे म्हणतात वयच झालं होतं. लेबलावर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं असतं, तर दोन स्ट्रिपा शेजारी ठेवताच ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली असती.

एका औषधाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आश्रमातली बाकी बहुतेक औषधं रोजची. रोजच्या सवयीत ही गोळीही रोज दिली गेली, तर तोंडात फोड येतात, रक्त बनवणारी मज्जा दबते आणि जीव जाऊ शकतो. जगभरच्या औषधसुरक्षा संस्थांनी या एका चुकीबद्दल पुन्हा पुन्हा बजावलं आहे. उपाय अगदी साधा आहे. पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच न लिहिता वाराचं नाव लिहायचं, ‘फक्त सोमवारी’, आणि ती गोळी रोजच्या डब्यात कधीच ठेवायची नाही.

इन्सुलिन हे या सगळ्या प्रश्नाचं सर्वांत अवघड टोक आहे, कारण तिथे लेबल आणि साठवण दोन्ही एकाच छोट्या बाटलीत येतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. उघडल्यावर बहुतेक प्रकार साधारण २८ दिवस चालतात, काही त्याहून जास्त. म्हणून छापलेली एक्स्पायरी पुढल्या वर्षाची असली तरी खरी मुदत उघडल्याच्या दिवसापासून मोजायची. ती तारीख कंपनी छापू शकत नाही, ती उघडणाऱ्यानेच लिहायची. न लिहिलेल्या बाटलीतलं इन्सुलिन दिसायला तसंच स्वच्छ असतं, फक्त साखर आटोक्यात येत नाही. मग डॉक्टर डोस वाढवतात. पुढल्या आठवड्यात नवी बाटली उघडली, की वाढवलेला डोस पूर्ण ताकदीने लागू पडतो आणि मध्यरात्री साखर कोसळते.

फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे झालं, असंही नाही. आश्रमात फ्रिज बहुधा स्वयंपाकघरातला एकच, जुन्या धाटणीचा, वर बर्फाचा कप्पा असलेला. इन्सुलिन त्या कप्प्याला लागून वरच्या फळीवर ठेवलं जातं, कारण खाली दूध आणि भाजी. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी उपयोगाचं राहत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं. दाराच्या फळीवर ठेवलं तर दिवसातून पन्नास वेळा उघडझाप होते. मधल्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, शेजारी साधा थर्मामीटर आणि सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचा कागद, एवढी सोय पुरते. वीज नसलेल्या गावांत माठाचा उपाय चालतो आणि तो शास्त्रीयच आहे. पाणी झिरपून उडतं आणि आतली हवा थंड राहते. मात्र कोकणातल्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, तिथे माठावर तेवढी भिस्त ठेवता येत नाही.

आणि मग सिरिंज. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याचशा बाटल्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनातली कार्ट्रिज १०० युनिटची असते, काही बाटल्याही १००च्या मिळतात, आणि त्यांची सिरिंज केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधून नेहमीच्या लाल टोपणाच्या सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर अर्धा मिलिलिटर आत जातं, म्हणजे ५० युनिट. सांगितलेल्या डोसच्या अडीच पट. उलट ४०च्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजने २०पर्यंत ओढलं तर जेमतेम ८ युनिट मिळतात. अंदाजाने जमणारं हे काम नाही. बाटली आणि सिरिंज एकाच डब्यात, डब्यावर रहिवाशाचं नाव आणि ‘४०, लाल टोपण’ किंवा ‘१००, केशरी टोपण’ असं ठळक लिहिणं, हा इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक घराचा किमान नियम असायला हवा.

बाकीच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, पण हवामान त्यांनाही सोडत नाही. पाकिटावर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं असतं, आणि चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो. पत्र्याखालच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या लोखंडी कपाटात काय होत असेल याची कल्पना करता येते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यातला दमटपणा हा जास्त मोठा शत्रू. ॲस्पिरिनच्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा वास येऊ लागला तर ओल लागून औषध फुटलं आहे असं समजायचं. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही कॅप्सूल मूळ वेष्टनातून काढल्या की ओल धरतात. त्या आठवड्याच्या डब्यात भरून ठेवायच्याच नसतात.

आठवड्याच्या डब्यांबद्दल मत बनवताना घाई होते. सात दिवस, चार खण, एका नजरेत कळतं, म्हणून देणगीदारही असे डबे आवडीने देतात. पण डब्यात गेलेल्या गोळीला ना नाव उरतं, ना मुदत, ना ताकद. डॉक्टरांनी फोनवर एक गोळी बंद करायला सांगितली, तर पाच पांढऱ्या गोळ्यांतली ती कोणती हे भरणाऱ्यालाच माहीत असतं, आणि त्या दिवशी ती सुट्टीवर असते. ब्रिटनच्या रॉयल फार्मास्युटिकल सोसायटीने २०१३मध्ये या डब्यांचा अभ्यास करून सांगितलं, की सरसकट डबे वापरण्यापेक्षा मूळ पाकिटातून औषध देणं हीच पहिली पसंती असावी. मला हे पटतं. घरी स्वतःची औषधं स्वतः घेणाऱ्याला डबा उपयोगी आहे. पण चाळीस जणांना दुसऱ्याच्या हातून औषध जातं तिथे मूळ पाकीट, त्यावर चिकटवलेलं नाव, आणि देताना समोर ठेवलेलं पत्रक हेच जास्त सुरक्षित. प्रत्येकाचा स्वतंत्र प्लॅस्टिकचा ट्रे, ट्रेवर नाव आणि फोटो. फोटो अशासाठी, की नवी मावशी पहिल्याच दिवशी दोन कुलकर्णी आजींमध्ये गोंधळू नये.

कुलपाच्या बाबतीत दोन्ही टोकं धोक्याची आहेत. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या गोळ्या उघड्या ड्रॉवरमध्ये असणं बरोबर नाही. त्या चोरीला जातात, एकाच्या दुसऱ्याला दिल्या जातात, आणि रात्री त्रास देणाऱ्या डिमेन्शियाच्या रुग्णाला गप्प करायला वापरल्या जाण्याचा मोहही असतो. त्यांचा कप्पा वेगळा, किल्ली त्या पाळीच्या एकाच माणसाकडे, आणि पाळी बदलताना दोघांनी मिळून मोजणी, ही पद्धत आपल्या रुग्णालयांतल्या सिस्टरना नवी नाही. पण सगळंच कुलपात गेलं तर? छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, दम्याचा पंप या गोष्टी उशाशीच हव्यात. किल्ली शोधण्यात गेलेली पाच मिनिटं परत मिळत नाहीत. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत एक फार माणुसकीची भूमिका घेतली आहे: रहिवासी स्वतःची औषधं स्वतः सांभाळू शकतो असंच गृहीत धरून सुरुवात करा, आणि जोखीम पाहून तसं नसेल तरच काम आपल्याकडे घ्या. चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईंच्या हातून त्यांची थायरॉइडची बाटली पहिल्याच दिवशी काढून घेणं, याला सुरक्षा म्हणता येत नाही. अशांना खोलीत कुलपाचा छोटा ड्रॉवर द्यावा, किल्ली त्यांच्याकडे, दुसरी ऑफिसात.

उरलेल्या औषधांचं काय, हा प्रश्न कोणी काढत नाही कारण त्यात भावना गुंतलेली असते. आश्रमात कोणी गेलं, की त्यांच्या महागाच्या गोळ्या शेजारच्या गरजू आजोबांना दिल्या जातात. बाहेरची कुटुंबंही वडील गेल्यावर त्यांच्या औषधांची पिशवी आश्रमाला आणून देतात. हेतू चांगला असतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. एकदा रुग्णाला दिलेलं औषध परत घेऊन दान करू नये, आणि येणाऱ्या औषधाची मुदत किमान वर्षभर शिल्लक असावी. कारण ते औषध कुठल्या उन्हात, कुठल्या गाडीच्या डिकीत राहिलं हे कोणालाच माहीत नसतं. देणगीदाराला नम्रपणे ‘औषधं नकोत, औषधांचं बिल भरा’ असं सांगणारी पाटी प्रत्येक आश्रमाच्या दारात लावायला हरकत नाही. मुदत संपलेली औषधं जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातात. आश्रमाने जवळच्या रुग्णालयाशी तेवढी व्यवस्था लावून घ्यावी, बेसिनमध्ये ओतू नयेत.

हे सगळं करायचं कोणी? माझ्या मते याचं उत्तर आपल्याकडे आहे आणि आपण ते वापरत नाही. भारतात २००८पासून सहा वर्षांचा फार्म.डी. हा अभ्यासक्रम आहे. त्यातले विद्यार्थी रुग्णांची औषधं तपासायला, एकमेकांशी न जुळणाऱ्या गोळ्या ओळखायला शिकतात, आणि पदवी मिळाल्यावर त्यांतल्या अनेकांना तसं काम मिळत नाही. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी फार्मासिस्टला रुग्णाशी बोलण्याचं, समुपदेशनाचं काम अधिकृतपणे दिलं आहे. प्रत्येक आश्रमाने जवळच्या फार्मसी कॉलेजशी किंवा गावातल्या एका नोंदणीकृत फार्मासिस्टशी महिन्यातून एका सकाळचा करार केला, तर अमेरिकेच्या कायद्यातली सर्वांत उपयुक्त तरतूद विधेयकाची वाट न पाहता इथे सुरू होईल. त्या सकाळी प्रत्येक ट्रे उघडायचा, पत्रकाशी ताडायचा, मुदत संपलेलं बाजूला काढायचं, एकाच औषधाचे दोन ब्रँड सापडले तर डॉक्टरांना फोन करायचा, बाटल्यांवरच्या उघडल्याच्या तारखा बघायच्या. फार्मासिस्टचं मानधन धर्मादाय ट्रस्टना पेलेल इतकंच असेल. एका खुब्याच्या ऑपरेशनच्या खर्चात अशा कितीतरी सकाळी होतात.

विधेयक पुन्हा येईल तेव्हा त्यात खोल्यांची लांबी-रुंदी, पंखे आणि रॅम्प असतीलच. त्याबरोबर चार ओळी औषधांसाठी हव्यात: प्रत्येक रहिवाशाचं औषधपत्रक, प्रत्येक पाकिटावर त्याचं नाव आणि उघडल्याची तारीख, तापमानाची रोजची नोंद, आणि फार्मासिस्टची मासिक तपासणी. स्थायी समितीपुढे सूचना पाठवायची वेळ येईल तेव्हा आश्रमांच्या संघटनांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी या चार ओळी आपल्या पत्रात घालाव्यात.